लोनच्या फॉर्ममध्ये 'पागडी' हा पर्यायच नाही

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून एमएससाठी प्रवेशाचा ईमेल आला. आला रात्री पावणेदोनला. सकाळी दूधवाला यायच्या आत चाळीचे तिन्ही मजले पेढे कधी म्हणून विचारायला लागले होते. आणि दुपारी जेवण झाल्यावर तिने एज्युकेशन लोनचं एक ॲप डाउनलोड केलं.

नाव, कोर्स, देश, हवी असलेली रक्कम, वडिलांचं उत्पन्न... सगळं पटापट भरत गेली. मग एका ड्रॉपडाउनवर थांबली. 'घराचा प्रकार' असा प्रश्न होता आणि पर्याय तीन: स्वतःचं, भाड्याचं, कंपनीने दिलेलं.

"दादा, आपलं काय टाकू?"

आम्ही राहतो लालबागला. आजोबा गिरणीत होते, तेव्हा पागडी मोजून घेतलेली एक खोली आणि पुढची गॅलरी. भाडं अजूनही इतकं कमी आहे की महिन्याचं इंटरनेटचं बिल त्याहून जास्त येतं. पुनर्विकास झाला तर या खोलीच्या जागी मिळणाऱ्या घराची किंमत कोटीच्या घरात जाईल, असं इस्टेट एजंट दर दिवाळीला सांगून जातो. पण आज कागदावर आमच्याकडे काय आहे? भाडेपावती. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणं-देणं कायदेशीर केलं, पण त्यामुळे भाडेकरू मालक झाला नाही. इमारत घरमालकाची. ती आम्ही गहाण ठेवू शकत नाही.

बहिणीने 'भाड्याचं' निवडलं. पुढच्या स्क्रीनवर रंगीत कागद उडाले आणि 'अभिनंदन! तुम्ही ३० लाखांच्या विनातारण कर्जासाठी पात्र आहात' असं आलं. व्याजदर १२ टक्के.

मी पोटापाण्यासाठी कोडच लिहितो, त्यामुळे अशा स्क्रीनच्या मागे काय चालतं याचा अंदाज आहे. आणि या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही माझी लागणार आहे, त्यामुळे मी जरा जास्तच खोलात गेलो. जे सापडलं ते इथे मांडतोय. गिरगाव, परळ, लालबाग, दादर इथल्या जुन्या चाळींत राहून मास्टर्सचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराला हे लागू पडेल.

मशीनला काय दिसतं

शिक्षण कर्ज देणारी यंत्रणा ढोबळमानाने चार गोष्टी बघते: कोर्स आणि विद्यापीठ, सहकर्जदाराचं उत्पन्न, त्याचा क्रेडिट स्कोअर आणि तारण. यातलं पहिलं विद्यार्थ्याच्या हातात असतं. बाकीचं सगळं घराचं.

आता आमच्या घराची बेरीज करा. बाबा मिरची गल्लीत मसाल्याच्या दुकानात तीस वर्षं कामाला, पगार रोख, आयटीआर कधी भरलेला नाही. आई चाळीतल्या भिशीची खजिनदार आहे. वीस बायकांचा हिशेब वर्षानुवर्षं एका पैशाची चूक न करता ठेवते, पण तो कुठल्याही क्रेडिट ब्युरोकडे जात नाही. गावाला जमीन आहे, पण सातबाऱ्यावर सतरा नावं. ती सतरा जण एकत्र आली, तरी उपयोग नाही. शेतजमिनीला सरफेसी कायद्याच्या कलम ३१ ने संरक्षण आहे. कर्ज बुडालं तर बँकेला या कायद्याने ती ताब्यात घेता येत नाही, त्यामुळे अशा कर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत. म्हणजे सिस्टीमला आमच्या घरात दिसतो तो फक्त मी, माझे चार वर्षांचे आयटीआर आणि माझा सिबिल स्कोअर.

याला मी भेदभाव म्हणणार नाही. प्रोग्रॅमने तेच केलं जे त्याला सांगितलं होतं. पण परिणाम बघा. डोंबिवलीत स्वतःच्या नावावर वन बीएचके असलेल्या घराला तारणावर स्वस्त कर्ज मिळतं. मुंबईच्या ऐन मध्यावर तीन पिढ्या राहिलेल्या घराला महाग, विनातारण कर्ज मिळतं. वर ते 'विनातारण' असल्याबद्दल अभिनंदनही होतं!

हा फरक किती पडतो? गणितासाठी ३० लाख रुपये धरू. कोर्स दोन वर्षं, त्यानंतर एक वर्षाची सवलत, मग दहा वर्षं हप्ते. तारणावर ९.५ टक्के आणि विनातारण १२ टक्के, असे दर समजू. पहिल्या तीन वर्षांत काहीच भरलं नाही, तर हप्ता अनुक्रमे सुमारे ४९,९०० आणि ५८,५०० रुपये येतो. महिन्याला साधारण साडेआठ हजारांचा फरक, दहा वर्षांत दहा लाखांच्या वर. ही भाडेपावतीची किंमत!

कॅल्क्युलेटर खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो

त्या ॲपच्या कॅल्क्युलेटरने मात्र आम्हाला हप्ता दाखवला ४३,०४१ रुपये. मी आधी म्हटलं, माझंच चुकलं असेल. मग लक्षात आलं. त्याने ३० लाख, १२ टक्के, १२० महिने हे नेहमीचं सूत्र लावलं होतं. गाडीच्या कर्जाला लावतात तेच.

शिक्षण कर्जात मधे मोरॅटोरियम असतो. कोर्स चालू असताना आणि नंतर काही महिने, बहुतेकदा एक वर्ष, हप्ता मागत नाहीत. पण व्याज झोपत नाही. ३० लाखांवर १२ टक्क्यांनी सरळव्याज लावलं तरी तीन वर्षांचं १० लाख ८० हजार होतं. ते मुद्दलात मिळवतात आणि मग ४० लाख ८० हजारांवर हप्ता बसतो. तो ५८ हजारांवर जातो तो असा. (खरं म्हणजे पैसे एकदम नाही, सेमिस्टरप्रमाणे सुटतात. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून थोडा कमी येईल. पण ४३ हजार नक्कीच येणार नाही.)

या काळात थोडं थोडं भरत राहिलं तर फरक पडतो. महिन्याला १०,००० रुपये तीन वर्षं भरले, तर वरच्याच उदाहरणात हप्ता सुमारे ५३,४०० वर येतो. म्हणून कर्ज घेताना 'आत्ता काहीच भरू नका' हा पर्याय कुणी फार प्रेमाने सुचवला, तर कान टवकारा.

इथे एक हत्यार तुमच्या हातात आहे, त्याचं नाव केएफएस. की फॅक्ट स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने सगळ्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचं केलंय. त्यात एपीआर असतो, म्हणजे व्याज, प्रोसेसिंग फी, गळ्यात मारलेला विमा असं सगळं धरून वर्षाला खरा किती टक्के खर्च पडतो तो आकडा. दोन कर्जांची तुलना व्याजदरावर करू नका, एपीआरवर करा. जाहिरातीत दर लिहितात, केएफएसमध्ये खर्च लिहावा लागतो.

दुसरी गोष्ट, जी माझ्या धंद्यातली आहे म्हणून सांगतो. यातली बरीच ॲप्स स्वतः कर्ज देत नाहीत. ती तुमचा फॉर्म कर्ज देणाऱ्यांपर्यंत पोचवतात आणि त्याचं कमिशन घेतात. त्यामुळे कुठली ऑफर वर दाखवायची, हा निव्वळ तुमच्या फायद्याचा प्रश्न राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मे २०२५ च्या डिजिटल लेंडिंग निर्देशांनी यावर बोट ठेवलं. अनेक कर्जदात्यांच्या ऑफर दाखवणाऱ्या ॲपने जुळणाऱ्या सगळ्या ऑफर रक्कम, मुदत आणि एपीआरसकट दाखवायच्या, कुणाला झुकतं माप द्यायचं नाही, डार्क पॅटर्न वापरायचे नाहीत. हा भाग १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, गॅलरी बघायचा अधिकारही अशा ॲपला नाही. परवानगी मागितली तर ॲप काढून टाका. नियमाधीन संस्थांशी जोडलेल्या ॲप्सची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे, ती आधी बघा, मग आधार नंबर द्या.

आम्ही हे उलट्या क्रमाने केलं. परिणामी बहिणीच्या फोनवर आजही दिवसाला चार-पाच कॉल येतात. ती अभ्यास करते आणि मी फोन उचलतो.

सरकारी पोर्टलचं काय?

'पीएम विद्यालक्ष्मी आली ना, आता काय टेन्शन' असं मला निदान तीन जणांनी सांगितलं. योजना खरोखर चांगली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के पतहमी. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात ३ टक्के व्याज सवलत. ही सवलत ई-व्हाउचर आणि डिजिटल रुपयाच्या वॉलेटमधून द्यायची असं योजनेतच लिहिलंय. यूपीआयने पैसे कुठेही फिरतात, डिजिटल रुपयाला मात्र कशासाठी वापरायचा याची अट जोडता येते.

पण ती देशातल्या संस्थांसाठी आहे. न्यूयॉर्कच्या एमएसला ती चालत नाही. माझ्या बहिणीच्या कॉलेजच्या ग्रुपवर ही एक ओळ बहुतेकांनी वाचलेलीच नव्हती.

त्यामुळे प्रश्न असा वळतो: बाहेर जायचंच आहे का? मला वाटतं, हा प्रश्न आपल्याकडे पैशांच्या आधी विचारला जात नाही, पैसे नाहीत म्हटल्यावर विचारला जातो. म्हणून त्याला हरल्याचा वास येतो. एरवी माटुंग्याला व्हीजेटीआय आहे, आयसीटी आहे, पवईला आयआयटी आहे. गेटच्या स्कोअरवर एमटेकला प्रवेश घेतला, तर एआयसीटीईच्या मान्य कोर्सला महिन्याला १२,४०० रुपये, २४ महिने मिळतात. लालबागहून माटुंग्याला बसने जाणाऱ्या मुलीला हॉस्टेलही लागत नाही. पीएचडीची गोष्ट तर वेगळीच आहे. यूजीसीच्या जेआरएफची रक्कम महिन्याला ३७,००० आहे, आणि अमेरिकेतही विज्ञान-इंजिनिअरिंगच्या पीएचडीला विद्यापीठ बहुतेकदा फी माफ करून वर स्टायपेंड देतं. पैसे मागतो तो मास्टर्स कोर्स. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात दाखवावे लागतात. 'फुकट शिक्षण' असे रील्स बनवणारे हा आकडा शेवटच्या सेकंदाला दाखवतात.

एच-१बी आणि डॉलर

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं, तेव्हा चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमेरिका बंद' असे मेसेज फिरले. ऑक्टोबरमध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं, की जो विद्यार्थी अमेरिकेतच आहे आणि तिथूनच स्टुडंट व्हिसावरून एच-१बी स्टेटसमध्ये जातोय, त्याला हे शुल्क लागू नाही. म्हणजे दार बंद नाही. पण कर्जदाराच्या नजरेने बघा: जो नियम एका रात्रीत आला तो पुन्हा एका रात्रीत बदलू शकतो आणि आपला हप्ता दहा वर्षांचा आहे.

दुसरीकडे रुपया. २०२५च्या सुरुवातीला ८५-८६ रुपयांना असलेला डॉलर डिसेंबरमध्ये ९० च्या पुढे गेला. दुसऱ्या वर्षाचे २०,००० डॉलर भरायचे असतील, तर डॉलर पाच रुपयांनी वर जाणं म्हणजे एक लाख रुपये. मंजूर कर्जाची रक्कम रुपयांत ठरलेली असते, फी डॉलरमध्ये. मधला खड्डा घरच्यांनी भरायचा.

एक बातमी चांगली आहे. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शिक्षण कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशावर टीसीएस नाही. स्वतःच्या पैशांतून पाठवले, तर वर्षाला दहा लाखांपर्यंत नाही.

आणि एक खास माझ्यासारख्या दादा-ताईंसाठी. शिक्षण कर्जाच्या व्याजावर ८०ई खाली आयकरात वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या किंवा ज्यांचे आपण कायदेशीर पालक आहोत त्यांच्या शिक्षणासाठी. भावाने बहिणीचे हप्ते भरले तर भावाला शून्य. वर हे कर्ज सहकर्जदाराच्या सिबिल रिपोर्टमध्येही दिसतं. उद्या मी घर घ्यायला गेलो, तर बँक हा हप्ता माझ्या ऐपतीतून वजा करूनच बोलणार. आमच्या घरात यावर एक संध्याकाळ शांतता होती. बहिणीने दुसऱ्या दिवशी मला न सांगता मोबाइलवर माझ्या होम लोनचं गणित मांडलं होतं. मला ब्राउझर हिस्टरीत दिसलं.

परळची एक जुनी फाइल

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर परळची बीआयटी चाळ आहे. पहिल्या क्रमांकाच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर बावीस वर्षं राहिले. त्यांच्या उच्च शिक्षणाचा पैसा कुठून आला हे आपण 'महाराजांनी मदत केली' इतकंच वाचलेलं असतं. कर्जाच्या फॉर्मसमोर बसून ते पुन्हा वाचलं, तेव्हा मला वेगळंच दिसलं.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती: महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि त्याबदल्यात संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. ते कोलंबियाला गेले. लंडनचं शिक्षण पैशाअभावी अर्धवट राहिलं. परत येऊन सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज घातलं आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं.

शिष्यवृत्ती, बचत, मदत, कर्ज. आणि कर्ज सगळ्यात शेवटी. आपल्या फोनवर हा क्रम नेमका उलटा झालाय, कारण चारांपैकी एकाच गोष्टीची जाहिरात करायला कुणाकडे बजेट आहे.

बाकीच्या तीन गोष्टी आजही आहेत, फक्त त्यांची नोटिफिकेशन्स येत नाहीत. त्याच शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिष्यवृत्ती देतं, क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मधल्या विद्यापीठात प्रवेश असेल तर. उत्पन्नाच्या, वयाच्या, रकमेच्या अटी शासन निर्णयानुसार बदलत राहतात, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा यूट्यूब व्हिडिओ बघून 'मी बसत नाही' असं ठरवू नका. चालू वर्षाची जाहिरात काढून वाचा. देशात पीएचडी करायची असेल, तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत.

आणि फोर्ट! लालबागहून अर्ध्या तासावर. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी लोन स्कॉलरशिप देतंय. जयंत नारळीकर, के. आर. नारायणन, राजा रामण्णा हे त्याचे स्कॉलर. के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी लोन स्कॉलरशिप देतात. यांच्या अर्जांचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च असतो. एकट्या ट्रस्टच्या रकमेत सगळा खर्च भागत नाही हे खरं, पण ३० लाखांचे २० लाख झाले तर १२ टक्क्यांनी आमच्या उदाहरणातला हप्ता ५८,५०० वरून ३९,००० वर येतो. शिवाय गिरगाव-दादरमधल्या कितीतरी ज्ञातिसंस्था आणि ट्रस्ट आपापले शिष्यवृत्ती निधी चालवतात. त्यांची वेबसाइट नसते, अर्ज छापील असतो, कार्यालय संध्याकाळी दोनच तास उघडं असतं. तिथे जावं लागतं.

आमचं सध्याचं चित्र असं आहे. बहिणीने फोर्टातल्या ट्रस्टचा अर्ज भरलाय, दुसऱ्याचा निबंध अर्धा झालाय. एका सरकारी बँकेच्या शाखेत मी प्रत्यक्ष जाऊन आलो; काही बँकांची निवडक परदेशी विद्यापीठांची यादी असते, त्या यादीत नाव असेल तर तारणाशिवायही मोठी रक्कम मिळू शकते. तिचं विद्यापीठ यादीत आहे का, हे मॅनेजर या आठवड्यात सांगणार आहेत. गेटही ती देतेय. हप्ता परवडतो की नाही हे आम्ही भारतातल्या पगारावर तपासायचं ठरवलंय, अमेरिकेतल्या नाही. ५८ हजार त्यात बसत नाहीत, ३९ ओढूनताणून बसतात.

काल ॲपवाल्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी तिनेच उचलला. "मॅडम, ऑफर आजच रात्री संपतेय." तिने विचारलं, "केएफएस ईमेल करता का? एपीआर बघून सांगते."

तिकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग फोन कट झाला.